जो मॅलोन : विक्रमपुस्तकाबाहेर राहिलेली अर्धी कारकीर्द

१/
आइस हॉकीतील एक विक्रम शंभराहून अधिक वर्षे अबाधित आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी कॅनडातील क्वेबेक शहरात, कडाक्याच्या थंडीत आणि तुरळक प्रेक्षकांसमोर, जो मॅलोन या खेळाडूने एकाच सामन्यात ७ गोल केले. ‘नॅशनल हॉकी लीग’ म्हणजेच एनएचएलमध्ये त्यानंतर हजारो सामने झाले; ७ गोलांचा आकडा पुन्हा कुणालाही गाठता आलेला नाही.

२/
त्याचा दुसरा विक्रम याहून थक्क करणारा आहे. एनएचएलच्या पहिल्याच हंगामात, १९१७-१८ मध्ये, मॅलोनने २० सामन्यांत ४४ गोल केले. सरासरी दर सामन्याला २.२०. वेन ग्रेट्स्कीने १९८१-८२ मध्ये ९२ गोल करून अवघे हॉकीविश्व हलवले, तेव्हा त्याची सरासरी १.१५ होती; त्यासाठी त्याला ८० सामने मिळाले होते.

३/
हे आकडे समोर आले की चाहत्यांचे दोन तट पडतात. एक तट २.२० ला ८० ने गुणतो, १७६ गोलांचे उत्तर काढतो आणि मॅलोनला सर्वश्रेष्ठ ठरवून मोकळा होतो. दुसरा तट म्हणतो, तो काळच पोरखेळाचा होता, त्या आकड्यांना किंमत नाही. दोन्ही तटांना मॅलोन नावाच्या माणसाची गाठच पडत नाही.

४/
या धाग्याचे प्रतिपादन वेगळे आहे. मॅलोनवर अन्याय होतो तो त्याचे ४४ गोल कमी लेखल्यामुळे नव्हे. त्याच्या कारकिर्दीचा मोठा भाग मोजणीतूनच वगळला गेल्यामुळे तो होतो. आणि ही वगळणी क्रीडाकौशल्याच्या निकषावर झालेली नाही. ती संघमालकांच्या आपसांतील भांडणातून झाली.

५/
आधी खेळाची तोंडओळख. मैदानी हॉकीत चेंडू असतो, इथे रबराची कडक चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. बर्फाच्या बंदिस्त रिंकमध्ये खेळाडू पायांत स्केट्स घालून धावतात. आज प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा जण एका वेळी रिंकमध्ये असतात आणि मिनिटभराच्या आत आघाडीची फळी बदलली जाते. दमलेला खेळाडू बाहेर, ताजातवाना आत.

६/
मॅलोनच्या काळी असे काही नव्हते. उत्तम खेळाडू सामन्याची साठच्या साठ मिनिटे बर्फावर काढत असत. १९११ पर्यंत तर संघात सहाऐवजी सात खेळाडू असत. सातव्याला ‘रोव्हर’ म्हणत आणि तो बचाव-आक्रमण दोन्हीकडे संचार करी. पुढच्या दिशेने पास देणे निषिद्ध होते. सहकाऱ्याला पक द्यायचा तर बाजूला किंवा मागे. त्यामुळे गोलपर्यंत पोहोचायचे ते पक स्वतःच्या काठीवर खेळवत, बचावपटूंना चकवत.

७/
या कसरतीत मॅलोनचा हातखंडा होता. समकालीनांनी त्याला ‘फँटम जो’ म्हटले, फँटम म्हणजे भूत किंवा छाया. आता इथे दिसला, पुढच्या क्षणी बचावफळीच्या पलीकडे. त्या काळी हॉकी हा धसमुसळा आणि बऱ्याचदा रक्तबंबाळ करणारा खेळ होता. अशा खेळात सभ्य खेळाडू म्हणून नाव कमावणे सोपे नव्हते. मॅलोनने ते कमावले.

८/
त्याचा जन्म २८ फेब्रुवारी १८९० चा, क्वेबेक शहरातला. क्वेबेकच्या ज्येष्ठ संघातून तो १९०८-०९ च्या हंगामात प्रथम खेळला. हॉकी तेव्हा कात टाकत होती. हौशी खेळाचा मुखवटा गळून पडत होता आणि खेळण्याचे पैसे उघडपणे घेतले जाऊ लागले होते.

९/
डिसेंबर १९०९ मध्ये ‘नॅशनल हॉकी असोसिएशन’ म्हणजे एनएचए स्थापन झाली. तिच्या पहिल्या हंगामात पैशाची उधळण झाली. रेन्फ्रू या छोट्याशा गावाच्या संघाने ‘सायक्लोन’ टेलर या ताऱ्याला एका हंगामासाठी ५,००० डॉलरहून अधिक मानधन दिले. क्वेबेकचा संघ त्या वर्षी या लीगबाहेर राहिला. मॅलोन ऑंटारियोतील वॉटर्लू संघाकडून खेळला.

१०/
उधळणीने मालकांचेच डोळे पांढरे झाले. पुढच्या, म्हणजे १९१०-११ च्या हंगामासाठी त्यांनी मर्यादा घातली : संपूर्ण संघाच्या मानधनाची बेरीज ५,००० डॉलर. काल एका खेळाडूला मिळत होते त्याहून कमी पैशांत आता सगळा संघ. नेमक्या याच हंगामात क्वेबेक एनएचएमध्ये आला आणि मॅलोन घरी परतला. व्यावसायिक खेळाचे हे पहिले रूप त्याने अगदी जवळून पाहिले : आज पैसा आहे, उद्याची हमी नाही.

११/
यापुढची सात वर्षे हा मॅलोनचा खरा सुवर्णकाळ. क्वेबेक बुलडॉग्जच्या कर्णधारपदी असताना त्याने १९१२ आणि १९१३ असे सलग दोनदा स्टॅन्ले चषकावर नाव कोरले. १९१२-१३ च्या हंगामात त्याने २० सामन्यांत ४३ गोल केले. हा आकडा लक्षात ठेवावा. एनएचएलमधल्या त्या गाजलेल्या ४४ हून फक्त एक गोल कमी, सामने तितकेच.

१२/
मार्च १९१३ मध्ये नोव्हा स्कोशियातील सिडनी संघाने स्टॅन्ले चषकासाठी क्वेबेकला आव्हान दिले. पहिला सामना क्वेबेकने १४-३ असा जिंकला. त्या १४ पैकी ९ गोल एकट्या मॅलोनचे होते. १९१६-१७ मध्ये त्याने १९ सामन्यांत पुन्हा ४१ गोल केले आणि ओटावाच्या फ्रँक नायबरबरोबर अग्रस्थान वाटून घेतले.

१३/
एनएचएमधील त्याची एकूण बेरीज : १२३ सामने, १७९ गोल. एनएचएलमधील बेरीज : १२६ सामने, १४३ गोल. सामने जवळजवळ समसमान. गोल मात्र पहिल्या पर्वात लक्षणीय अधिक. तरीही आज विक्रमांची अधिकृत यादी उघडली, तर मॅलोनच्या नावापुढे फक्त १४३ हा आकडा दिसतो. उरलेले १७९ गोल कुठे गेले?

१४/
उत्तर मॉन्ट्रियलच्या विंडसर हॉटेलात आहे. नोव्हेंबर १९१७ मध्ये एनएचएच्या संघमालकांच्या तिथे बैठका झाल्या. टोरंटो संघाचा मालक एडी लिव्हिंगस्टन बाकीच्यांना नकोसा झाला होता. वाद न्यायालयापर्यंत जाण्याची चिन्हे होती. त्याला लीगबाहेर काढणे अवघड होते. मग इतर सर्वांनी मिळून लीगच बदलली. जुनी संस्था त्याच्या पदरात टाकून त्यांनी नवी काढली : नॅशनल हॉकी लीग.

१५/
बाकी काय बदलले? फारसे काही नाही. एनएचएचा सचिव फ्रँक कॅल्डर नव्या लीगचा अध्यक्ष झाला. रिंक तेच, खेळाडू तेच, नियमही बहुतांशी तेच. मार्च १९१७ मधल्या आणि डिसेंबर १९१७ मधल्या हॉकीत प्रेक्षकाला दिसावा असा फरक शोधणे कठीण. परंतु विक्रमपुस्तकाच्या दृष्टीने या दोन महिन्यांच्या मध्ये भिंत उभी राहिली. भिंतीअलीकडचे गोल इतिहास ठरले, पलीकडचे प्रागैतिहास.

१६/
दैवगती अशी की, नव्या लीगच्या पहिल्या वर्षी क्वेबेकने संघ उतरवलाच नाही. त्यांचे खेळाडू इतर संघांत वाटले गेले आणि मॅलोन मॉन्ट्रियल कॅनेडियन्सच्या वाट्याला आला. तिथे मध्यभागी न्यूझी लालोंदसारखा मातब्बर खेळाडू आधीच होता. म्हणून मॅलोनला आपली नेहमीची जागा सोडून डाव्या बाजूने खेळावे लागले. सत्ताविसाव्या वर्षी, नव्या शहरात, नव्या जागी.

१७/
१९ डिसेंबर १९१७, लीगची पहिली रात्र. कॅनेडियन्सने ओटावाला ७-४ असे हरवले. मॅलोनचे ५ गोल. पहिल्या सलग १४ सामन्यांत त्याने किमान एक तरी गोल केलाच. त्या १४ सामन्यांची बेरीज ३५. हंगामअखेर कॅनेडियन्सच्या खात्यात ११५ गोल होते, त्यांतले ४४ मॅलोनचे. म्हणजे संघाच्या दर शंभरातले ३८ गोल एका माणसाचे.

१८/
आता दुसऱ्या तटाचा आक्षेप. तो गंभीरपणे ऐकला पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. त्या हंगामात ३६ सामन्यांत ३४२ गोल झाले, म्हणजे सामन्यागणिक साडेनऊ. गोलरक्षकाने बर्फावर पडून पक अडवणे हा सुरुवातीला चक्क नियमभंग होता. ती मुभा जानेवारी १९१८ मध्ये मिळाली. २ जानेवारी १९१८ रोजी मॉन्ट्रियलचा वेस्टमाउंट अरीना जळून खाक झाला, वाँडरर्स संघ बाहेर पडला आणि लीगमध्ये तीनच संघ उरले. तेच प्रतिस्पर्धी पुन्हा पुन्हा समोर.

१९/
म्हणूनच १७६ गोलांचे गणित खोटे आहे. नियम बदलले की आकडे बदलतात, आणि ते दोन्ही दिशांनी बदलतात. अवघ्या अकरा वर्षांनी, १९२८-२९ मध्ये, याच लीगमध्ये बचाव इतका भक्कम झाला की सर्वाधिक गोल करणाऱ्या एस बेलीच्या नावावर ४४ सामन्यांत फक्त २२ गोल होते. बेली मॅलोनच्या पावपट गुणवत्तेचा होता, असे कुणी म्हणेल काय? तो दरवाजे बंद झालेल्या काळात खेळला, मॅलोन ते उघडे असताना.

२०/
पण दरवाजे उघडे होते ते सर्वांसाठीच. त्याच हंगामात दुसऱ्या क्रमांकावरील साय डेनेनीने ३६ गोल केले, मॅलोनपेक्षा आठ कमी. त्या काळाशी न्याय्य तुलना करायची तर ती त्याच काळातल्या माणसांशी केली पाहिजे. आणि त्या तुलनेत मॅलोन १९१३ मध्येही अव्वल होता, १९१७ मध्येही, १९१८ मध्येही आणि १९२० मध्येही.

२१/
मात्र ४४ गोलांपेक्षा अधिक बोलका आहे तो पुढचा हंगाम. १९१८-१९ मध्ये, विक्रमाच्या लगेच नंतर, मॅलोन फक्त ८ सामने खेळला आणि त्याने ७ गोल केले. कारण? क्वेबेकमध्ये त्याला चांगली, कायमची नोकरी मिळाली होती आणि हॉकीच्या मानधनासाठी ती पणाला लावण्याची त्याची तयारी नव्हती. जगातील सर्वांत घातक गोलवीर नोकरीतून सवड काढून खेळत होता.

२२/
आजच्या नजरेला हे विचित्र वाटते. पण ज्याने एका वर्षात मानधने गडगडताना पाहिली, ज्याचा संघ रातोरात वाटून टाकला गेला, त्या माणसाचा हा निर्णय अत्यंत शहाणपणाचा होता. ‘व्यावसायिक’ या शब्दाचा तेव्हाचा अर्थ एवढाच : खेळण्याचे पैसे मिळतात. त्या पैशांवर आयुष्य काढता येते, हा अर्थ पुष्कळ नंतरचा. आकड्यांच्या रकान्यात ही गोष्ट मावत नाही. तिथे फक्त दिसते : ८ सामने, ७ गोल.

२३/
त्या वसंत ऋतूत कॅनेडियन्स संघ स्टॅन्ले चषकाच्या अंतिम लढतीसाठी सिअॅटलला गेला. मॅलोन गेला नाही. इन्फ्लुएन्झाच्या साथीने संघातले खेळाडू एकामागून एक आजारी पडले, निर्णायक सामना रद्द झाला आणि ५ एप्रिल १९१९ रोजी जो हॉल मरण पावला. १९१२ आणि १९१३ च्या विजयांत हॉल क्वेबेकमध्ये मॅलोनचा सहकारी होता. त्या काळच्या खेळाडूच्या हाती किती कमी होते, हे सांगायला ही एक घटना पुरे.

२४/
१९१९-२० मध्ये क्वेबेकचा संघ परतला आणि मॅलोनही. संघ दुबळा होता : २४ सामन्यांत ४ विजय, २० पराभव. संघाचे एकूण गोल ९१, त्यांतले ३९ मॅलोनचे. या वेळी लालोंद किंवा पित्रसारखे साथीदार बाजूला नव्हते. तरीही तो लीगमध्ये पहिला आला, लालोंद ३७ गोलांसह दुसरा. टोरंटोविरुद्धचे ते ७ गोल याच हंगामातले. नंतर मार्चमध्ये ओटावाविरुद्ध त्याने एका सामन्यात ६ गोल केले. ‘बलाढ्य संघामुळे आकडे फुगले’ हा आक्षेप या एका हंगामापुढे टिकत नाही.

२५/
पुढच्या वर्षी क्वेबेकचा संघच हॅमिल्टनला विकला गेला. तिथेही पहिल्या हंगामात मॅलोनने २० सामन्यांत २८ गोल केले. मग वय बोलू लागले. १९२२-२३ मध्ये तो कॅनेडियन्सकडे परतला आणि २० सामन्यांत एकच गोल करू शकला. १९२३-२४ मध्ये त्या संघात हॉवी मोरेंझ नावाचा वेगवान तरुण आला. त्या हंगामात मॅलोन १० सामने खेळला, गोल एकही नाही. आणि तो थांबला.

२६/
त्याचा ४४ गोलांचा विक्रम सत्तावीस वर्षे टिकला. २५ फेब्रुवारी १९४५ रोजी मॉन्ट्रियल फोरममध्ये मॉरिस रिशारने हंगामातला ४५ वा गोल केला, तेव्हा तो ऐतिहासिक पक रिशारच्या हाती देण्यासाठी मॅलोन जातीने हजर होता. रिशारने ५० सामन्यांत ५० गोल केले. त्यावरही शंका घेतली गेली : महायुद्धामुळे उत्तम खेळाडू सैन्यात होते, म्हणून हे जमले. नवा विक्रमवीरही जुन्याच आक्षेपाचा धनी झाला.

२७/
मॅलोनला १९५० मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले आणि १५ मे १९६९ रोजी त्याचे निधन झाले. जाणकारांनी त्याला विसरले, असे म्हणता येणार नाही. प्रश्न सामान्य चाहत्याच्या स्मृतीचा आहे. ती स्मृती याद्यांवर पोसली जाते आणि याद्या नोव्हेंबर १९१७ पासून सुरू होतात.

२८/
हा प्रश्न एकट्या मॅलोनचा नाही. ज्या हिवाळ्यात त्याने ४४ गोल केले, त्याच हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरील लीगमध्ये व्हँकुव्हरच्या सायक्लोन टेलरने १८ सामन्यांत ३२ गोल केले. पश्चिमेची ती लीग तेव्हा पूर्वेच्या लीगशी स्टॅन्ले चषकासाठी बरोबरीने झुंजत होती. पण टेलर एनएचएलमध्ये कधी खेळलाच नाही. म्हणून एनएचएलच्या यादीत त्याचे नावसुद्धा नाही.

२९/
यावर असे म्हटले जाते की संस्थेने स्वतःच्याच सामन्यांची नोंद ठेवावी, हे स्वाभाविक आहे. मान्य. एनएचएलने एनएचएचे गोल आपल्या खात्यात ओढावेत, अशी मागणी कुणी करू नये. परंतु संस्थेचा हिशोब आणि खेळाचा इतिहास या दोन वेगळ्या वह्या आहेत. पहिली वही लीगने लिहावी. दुसरी लिहिताना अभ्यासकाने १९१७ ची भिंत मानण्याचे कारण नाही.

३०/
म्हणून मॅलोनची ओळख ‘२० सामन्यांत ४४ गोल’ एवढ्यावर थांबू नये. त्याशेजारी आणखी तीन नोंदी असाव्यात : एनएचएचे १२३ सामने व १७९ गोल, १९१३ चे ४३ गोल, आणि १९१८-१९ चे ते ८ सामने. पहिली नोंद त्याच्या गुणवत्तेचा पल्ला सांगते. दुसरी सांगते की ४४ हा एका मोसमाचा चमत्कार नव्हता. तिसरी त्याच्या काळातील खेळाडूचे पोट कशावर चालत होते, ते सांगते.

३१/
कोणताही जुना विक्रम वाचताना तीन प्रश्न विचारावेत. मोजणी कधी सुरू झाली? ती कुणी सुरू केली? आणि त्या दिवसाच्या आधी कोण खेळत होते? जो मॅलोनच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर १७९ गोलांचे आहे.